बांधावरचा रोमन

मी त्या गावात राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या घरमालकांनी उकिरड्याला हळदकुंकू वाहिलं.

मी मागच्या दारी तोंड धूत होते. समोर शेणखताच्या खड्ड्याच्या काठावर एक पन्नाशीचे गृहस्थ उकिडवे बसले होते. धोतर, बंडी, चष्मा कपाळावर ढकललेला. पुढ्यात एक गोटा, गोट्यावर हळदकुंकू, आणि तोंडानं कसल्यातरी परक्या भाषेतलं पुटपुटणं. मला पाहून ते उठले, हात झटकले आणि म्हणाले, "स्टर्कुटियस. खताचा देव. रोममध्ये होता."

मी म्हणाले, "नमस्कार."

दुसरं काय म्हणणार? सामान उतरवून टेम्पो आदल्या संध्याकाळीच परत गेला होता.

हे भानुदास निकम. ज्या हायस्कुलात मी गणित शिकवायला आले होते, तिथेच ते इतिहास शिकवत. घोडेगावच्या पुढे, सडकेपासून आत असलेलं हे गाव. एसटीला वाटलं तर थांबायची, नाहीतर धूळ उडवून निघून जायची. आमचे हे नगरला नोकरीला, शनिवारी येत. मला दोन खोल्या हव्या होत्या आणि गावात दोन खोल्या फक्त निकम सरांच्या वस्तीवर रिकाम्या होत्या. सरांची बायको वारलेली, एकुलती एक लेक भाताच्या मुलखात, अकोले तालुक्यात दिलेली. ती वर्षातून एकदा तांदळाचं पोतं घेऊन यायची आणि वडिलांचा अवतार बघून रडून जायची.

आठवीच्या पुस्तकात रोमला दीड पान होतं. निकम सर ते जूनमध्ये सुरू करत आणि दिवाळीला संपवत. मग उरलेला सगळा इतिहास त्यांना परीक्षेच्या तोंडावर धावतपळत उरकावा लागे. एकदा तपासनीस आले आणि त्यांनी सहज एका मुलीला विचारलं, "शेतकऱ्यांचा देव कोण गं?" तिनं ताडकन सांगितलं, "सेरेस." हेडमास्तरांनी त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून चहा घेतला नाही. मुलं सरांना 'रोमनसर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

हे सगळं एका पुस्तकानं केलं होतं. नगरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना इंग्रजीतलं एक जाडजूड पुस्तक सापडलं होतं. पुठ्ठा नाही, पहिली चाळीस पानं नाहीत. त्यामुळे ते कोणी लिहिलं हे सरांना माहीत नव्हतं, आणि रोम कसं वसलं हेही माहीत नव्हतं. एकदम एक्केचाळिसाव्या पानावर रोमन माणूस नांगर धरून उभा असायचा. तिथून पुढचं सगळं सरांना पाठ होतं. कोणी शंका काढली की ते डोळे मिटून म्हणत, "नोंद आहे." या दोन शब्दांपुढे हेडमास्तरसुद्धा बोलत नसत, कारण ते पुस्तक वाचायची कोणाचीच तयारी नव्हती.

रोमन माणसाला शेतातल्या प्रत्येक कामाला वेगळा देव लागायचा, असं सर सांगत. पहिल्या नांगरटीचा एक, दुसऱ्या नांगरटीचा दुसरा, पेरणीचा तिसरा. पीक कोठारात भरणारा देव वेगळा आणि कोठारातून बाहेर काढणारा वेगळा. मला यात सरकारी खात्याची कळा दिसे. सर मात्र ही यादी कामाच्या वेळी मोठ्यानं म्हणत. ज्वारी खुरपायला बाया आल्या की ते शेताच्या कडेला उभे राहत आणि हात जोडून हाक देत, "सबरन्सिनेटर!"

"ह्ये कोन?" खुरपणाऱ्या बायांची म्होरकी भामाबाई विचारायची.

"खुरपणीचा देव."

"एवढं नाव घेईस्तवर माजी पात कडंला लागंल की, गुर्जी! आन् च्याचा देव कोन?"

सर खरोखरच विचार करत. "चहाचा नाही. तशी नोंद नाही. रोमन लोक चहा पीत नव्हते."

"आगं बया! मंग खुरपत कशे हुते?"

सरांचं दुःख हे, की गावाला या कशाचंच नवल वाटत नसे. त्यांनी मोठ्या हौसेनं पारावर सांगावं, की रोममध्ये शेताच्या कडेला दगड पुजायचे, त्याला तेल लावायचे; तर म्हातारी माणसं मान डोलावून म्हणत, "म्हंजे म्हसोबाच की!" त्यांनी सांगावं, की रोमन घरात चुलीपाशी पितरांना घास ठेवायचे, तर उत्तर येई, "मंग? आपन काय येगळं करतो?" दोन हजार वर्षं आणि सात समुद्र ओलांडून सर जे आणत, ते गावात आधीच कोणाच्या तरी परड्यात पडलेलं असे.

"या लोकांना तुलनात्मक दृष्टी नाही, बाई," ते मला म्हणत.

मी म्हणायची, "त्यांनी तुलनाच तर केली."

गव्हावर तांबेरा पडू नये म्हणून रोमन लोक रोबिगस नावाच्या देवाला तांबड्या कुत्र्याचा बळी देत. सरांच्या वस्तीवर एक तांबडं कुत्रं होतं. सर ठरल्या दिवशी त्या कुत्र्याला गव्हाच्या शेतात नेत, त्याच्या कपाळाला कुंकू लावत, पुस्तक उघडून प्रार्थना म्हणत आणि त्याला दूधभाकरी घालत. "बळी द्यायचा असतो," ते मला समजावून सांगत, "पण ते रोममध्ये. इथं आपण जेवू घालायचं." मी आले त्या वर्षी तांबेरा पडायचा तेवढा पडला. कुत्रं मात्र फार सुधारलं.

याचा ताप मलाही झाला. आमच्या ह्यांनी नगरला सावेडीत प्लॉट घेतला. तेव्हा तिथं मोकळं रान होतं. चार कोपऱ्यांना चार सिमेंटचे खांब, बाकी कुसळं. सर म्हणाले, मी येतो, हद्दीची पूजा केल्याशिवाय जमीन आपली होत नाही. मी नको म्हणाले, पण एसटीत माझ्या आधी तेच चढले. त्यांनी चारही खांबांना तेल लावलं, हार घातले, गूळ ठेवला आणि हात वर करून लॅटिन म्हणायला सुरुवात केली. शेजारच्या प्लॉटचे मालक, एक पेन्शनर हवालदार, काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, आम्ही देऊळ उठवून त्यांची हद्द दाबतो आहोत. सर त्यांना शांतपणे म्हणाले, "उलट, तुम्ही तुमच्या बाजूनं हार घाला. तशीच पद्धत आहे." हवालदारांनी हार घातला नाही. आमचं आणि त्यांचं आजही फारसं बोलणं नाही.

पण 'तुमच्या बाजूनं हार घाला' हे वाक्य सरांच्या मनात कुठून येत होतं, ते मला पुढे कळलं.

सरांचं शेत चार एकर. त्याला लागून त्यांचा धाकटा भाऊ रंगनाथ, त्याचंही चार एकर. वडिलांच्या मागे वाटणी झाली तेव्हा मध्ये बांध घातला आणि बांधाच्या मधोमध एक काळा दगड पुरला. दोघा भावांचं बोलणं बंद होतं. का, ते सर सांगत नसत. पाचेक वर्षं झाली, एवढंच भामाबाईनं सांगितलं. "बांधावरनं जालं. बांधावरनं न्हाई तर काय आभाळावरनं व्हनार?"

अबोला असला तरी दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू जात होतं, कारण रंगनाथ बैलांशी बोलायचा. सर बांधाजवळ आले की पलीकडून आवाज चढे. "चल रं सर्ज्या! शिकल्याली मान्सं हायेत ती. त्येनला बांध दिसतो, मानूस दिसत न्हाई!" सर्ज्या म्हातारा, शहाणा बैल होता, तो मान खाली घालून चालत राही. सरही मान खाली घालून चालत राहत.

फेब्रुवारीच्या तेवीस तारखेला सर त्या दगडाची पूजा करत. टर्मिनस, हद्दीचा देव. पहिल्या वर्षी त्यांनी मला बोलावलं, म्हणाले, तिऱ्हाईत माणूस असलेलं बरं. दगडाला हार, पुढे ज्वारीचे दाणे, मधाऐवजी गूळ. "तिथं मद्य वाहायचे," सर म्हणाले, "मी शिक्षक आहे, म्हणून ताक." हार मात्र त्यांनी दगडाच्या निम्म्याच भागावर घातला होता, आपल्या बाजूच्या. पलीकडची बाजू उघडी. आणि पत्रावळी दोन मांडल्या होत्या.

"दुसरी कोणाची?"

"पलीकडच्या शेतमालकाची. दोघांनी मिळून पूजा करायची, आपापल्या बाजूनं हार घालायचा, आणि मग तिथंच बसून एकत्र जेवायचं. तशी नोंद आहे." दुसरी पत्रावळ सरळ करत ते म्हणाले, "यंदा त्याला जमलेलं दिसत नाही."

पलीकडे रंगनाथ पाठमोरा उभा राहून बैलाच्या शिंगाला विनाकारण तेल चोळत होता. सरांनी तासभर वाट पाहिली. मग ते एकटेच जेवले. पुढच्या वर्षीही तेच. दुसरी पत्रावळ कावळ्यांनी संपवली आणि सर म्हणाले, "यंदाही नाही."

मला राग आला. मी म्हणाले, "सर, हाक मारा ना सरळ. चाळीस पावलांवर आहे तो."

"मी हाक मारायची नसते, बाई. त्यानं यायचं असतं."

"ही नोंद आहे, का तुमचा हट्ट?"

ते पत्रावळ गोळा करायला लागले.

मग तो दुष्काळ आला. त्याविषयी मी काही लिहीत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. खरीप गेलं, विहिरींनी तळ दाखवला, बाया-माणसं सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. सबरन्सिनेटरला काही काम उरलं नाही. भामाबाई खडी फोडता फोडता एकदा मला म्हणाली, "गुर्जींना इच्यारा, दगड फोडायचा कोनी देव हाय का. त्येचं टकुरंच फोडते."

जनावरांचे हाल तर बघवत नव्हते. आमच्या भागात चाराछावणी अजून उघडली नव्हती. एका बुधवारी शिक्षकांच्या खोलीत शिपाई बोलता बोलता म्हणाला, "रंगनाथ निकम बी शुक्रवारी बैलं घोडेगावच्या बाजारात नेतोय."

निकम सर तेव्हा वह्या तपासत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "सर्ज्या म्हातारा आहे. त्याला कोण घेतं?"

"कसाई घेत्यात की, सर."

सरांनी पुढच्या वहीवर बरोबरची खूण केली. ती वही कोरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बांधावर बोलावलं. बघते तर काळ्या दगडाच्या पलीकडच्या अंगाला कडब्याच्या पंधरा पेंढ्या रचलेल्या. सरांकडे कडब्याची मोठी गंजी होती. दोन वर्षांचा चारा घरात ठेवावा अशी रोममध्ये म्हणे चाल होती, आणि खाणारी एकच गाय. रंगनाथ त्याच्या शेतात ढेकळं फोडत होता. त्या जमिनीत ढेकळं फोडून काहीही होणार नव्हतं.

सर माझ्याकडे तोंड करून, पण अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई! दुष्काळात टर्मिनसला कडब्याचा नैवेद्य दाखवतात! रोज! तो मालकानं परत न्यायचा नसतो! जवळच्या जनावरांनी खायचा! नाही खाल्ला, तर देव कोपतो! नोंद आहे!"

मी म्हणाले, "असं का?" मला ओरडायची सवय नव्हती, पण मीही जरा मोठ्यानंच म्हणाले.

पलीकडे कुदळ थांबली. मग रंगनाथ गोठ्याकडे गेला आणि दोन्ही बैल सोडून घेऊन आला. आमच्याकडे न बघता तो सर्ज्याला म्हणाला, "खा रं. मान्साला न्हाई म्हनता येतं. देवाला कसं म्हनावं?"

शुक्रवारी बैल बाजारात गेले नाहीत. त्यानंतर रोज सकाळी पंधरा पेंढ्या. गंजी उतरत चालली. सर सायकलला बांधून कुठून कुठून उसाचं वाढं आणायचे आणि ते स्वतःच्या गाईला घालायचे. कडबा देवाचा, त्याला हात लावायचा नाही.

मी गणिताची बाई. उत्तर पडताळून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका रविवारी सर नगरला गेले असताना मी ते पुस्तक उघडलं आणि टर्मिनसचं सगळं प्रकरण दोनदा वाचलं. हार होता, धान्य होतं, मध होता, मद्य होतं, एकत्र जेवण होतं. कडबा नव्हता. दुष्काळही नव्हता. पुढची-मागची पानंही चाळली. इतक्या वर्षांत ज्या माणसानं नोंदीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, त्यानं एक आख्खा विधी स्वतःच्या मनानं रचला होता. मी पुस्तक होतं तसं ठेवून दिलं.

फेब्रुवारीच्या बावीस तारखेला दुपारी शाळा सुटल्यावर मी दळण निवडत होते. रंगनाथ दाराशी आला. टोपी काढून हातात घेतली आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"बाई, तुमी विंग्रजी वाचता. त्या पुस्तकात कडब्याचं खरंच लिव्हलंय का?"

मी आयुष्यात वर्गात चुकीचं उत्तर दिलेलं नाही. मी म्हणाले, "हो. लिहिलंय."

"कितव्या पानावर?"

"दोनशे अठरा."

तो हसला. "लई पटकन सांगितलंत. न्हाई लिव्हलेलं. मला ठावं हाय."

"मग बैल कशाला सोडता तिथं?"

तो उंबऱ्याबाहेर खाली बसला आणि सगळं बोलला, बैलांशिवाय कोणाशी तरी बोलायची सवय मोडल्यासारखं, अडखळत. सात वर्षांपूर्वी नांगरताना त्याच्या फाळानं बांध वीतभर कोरला होता. मुद्दाम नव्हे, आणि अगदीच चुकूनही नव्हे, हे त्यानंच सांगितलं. सर रागारागानं बांधावर आले आणि हात वर करून बोलले, की रोमचा कायदा आहे, जो हद्दीचा दगड उखडतो त्याला आणि त्याच्या बैलांना, दोघांनाही शाप लागतो.

"मला काय बी बोलला आसता, बाई. थोरला हाय. मारलं आसतं तरी चाललं आसतं. पर बैलांचा काय गुन्हा? त्येनी काय वाटनी मागितली हुती?" तो टोपी चुरगाळत होता. "महिन्याच्या आत पवळ्या गेला. सर्ज्याच्या जोडीचा, ह्या आत्ताच्या आदीचा. पोट फुगलं, सकाळी हुता, दुपारी न्हाई. मी त्येच्या दारात जाऊन म्हनलो, लागला तुजा शाप. ते शेवटचं बोललो."

"पोट फुगणं हे ओला चारा जास्त खाल्ल्यानं होतं," मी म्हणाले.

"त्ये मला न्हाई का कळत? कळतं." त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "दादाला न्हाई कळत. तवर तो निस्तं पुस्तक वाचायचा. ह्ये दगड पुजनं, उकिरडा पुजनं, कुत्र्याला दूद घालनं, ह्ये समदं पवळ्या मेल्यावर सुरू जालं. पयल्यांदा त्येच दगडाला हार घातला त्येनी. मी बघत हुतो. शाप माघारी कसा घ्यायचा त्ये त्या पुस्तकात घावत न्हाई, म्हनून ज्यो देव दिसंल त्येच्या पाया पडत सुटलाय मानूस."

मी सुपातली ज्वारी खालीवर करत राहिले. निवडायचं काही उरलं नव्हतं.

"उद्या त्येंचा सन हाय न्हवं? पलीकडच्यानं काय करायचं आसतं?"

"आपल्या बाजूनं हार घालायचा आणि जेवायचं."

"बोलावं लागतं का?"

"तशी नोंद नाही."

"मंग येतो," तो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सरांना हारासाठी फूल मिळालं नव्हतं. कडुलिंबाचा पाला दोऱ्यात ओवला होता. तो त्यांनी निम्म्या दगडावर घातला. दोन पत्रावळी मांडल्या, एकेक भाकरी, पिठलं, गुळाचा खडा. मी छत्री घेऊन बाजूला बसले. सर पुस्तक उघडून प्रार्थनेचं पान शोधत होते, म्हणून रंगनाथ कधी आला ते त्यांना कळलं नाही. घुंगरांचा आवाज झाला तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

रंगनाथकडेही फुलं नव्हती. त्यानं बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ आणली होती. चामडं कडक झालेलं, पितळ काळवंडलेलं. कित्येक वर्षं खुंटीवरून न उतरवलेली. त्यानं ती फुंकरीनं झटकली, आपल्या बाजूनं दगडाच्या निम्म्या भागावर ठेवली आणि पत्रावळीपुढे मांडी घातली.

सरांनी ती माळ ओळखली. त्यांच्या हातातलं पुस्तक मिटलं गेलं. प्रार्थना म्हणायची राहिली. ते समोर बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

मग म्हणाले, "केवढा होता रे तो?"

रंगनाथनं घास गिळला. "नुकता दातांनी जुळला हुता. तूच न्हाई का घोडेगावातनं आनला? तूच पसंत केलाता त्येला, मला दुसराच घ्यायचा हुता."

"त्याचं वशिंड बघितलं होतं मी."

"वशिंड! चाल बघायची आसती, दादा. वशिंडाला काय नांगर जुपतो मानूस?"

"चालही चांगलीच होती त्याची."

"उजवा पाय वढायचा."

"अजिबात ओढायचा नाही."

मग दोघं त्या बैलाच्या उजव्या पायावरून भांडायला लागले. ऊन चढलं. पिठल्यावर साय धरली. मी छत्री उघडली आणि घरी निघाले. मला थांबा असं कोणी म्हणालं नाही.